घटकाभर वामकुक्षी: दुपारची विश्रांती नेमकी कशी घ्यावी

जेवण झालं, मागचं आवरलं की ‘घटकाभर पडते जरा’ असं म्हणून आडवी होणारी पिढी अजून घरोघर आहे. घटका हा शब्द आता आपण ‘थोडा वेळ’ एवढ्याच अर्थाने वापरतो, पण ते एकेकाळी पक्कं माप होतं. दिवसरात्र मिळून साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की घटका भरली. दुपारच्या विश्रांतीला हे माप आजही चपखल बसतं. वीस-पंचवीस मिनिटांत उठणारा ताजा होऊन उठतो. पन्नास मिनिटांनी उठणाऱ्याचं डोकं जड असतं, तोंड कडवट असतं, आणि ‘दुपारची झोप मला मानवत नाही’ असं तो कायमचं ठरवून टाकतो. बहुतेक वेळा दोष फक्त लांबीचा असतो.

नासाने लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर केलेला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटं विश्रांतीसाठी दिली होती. त्यात प्रत्यक्ष झोप लागली सरासरी २६ मिनिटं, आणि उरलेल्या प्रवासात त्यांची सावधता विश्रांती न घेतलेल्यांपेक्षा चांगली राहिली. घटकेच्या मापाशी हे दोन मिनिटांच्या फरकाने जुळतं.

आपल्याकडे दुपारच्या विश्रांतीकडे एक तर आळस म्हणून पाहिलं जातं किंवा चैन म्हणून. दोन्ही चूक आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या, त्यात रविवारच्या सुटीबरोबरच दुपारी अर्ध्या तासाच्या सुटीची मागणी होती. रविवार १८९० मध्ये मिळाला. बारा-बारा तास यंत्रापुढे उभं राहणाऱ्या माणसांना अर्ध्या तासाची किंमत कळत होती. म्हणून पुढे जे सांगितलं आहे ते वेळ उरली तर करायचं काम नाही. दिवसाच्या वेळापत्रकात जागा राखून करायचं आहे.

अर्ध्या तासानंतर काय बिघडतं

डोळे मिटल्यावर पहिली पाच-सात मिनिटं ग्लानीची असतात. पंख्याचा आवाज ऐकू येतो, पण विचारांची साखळी तुटायला लागते. मग हलकी झोप लागते: ठोके संथ होतात, स्नायू सैलावतात, जबडा सुटतो. इथपर्यंत उठणं सोपं असतं. साधारण अर्ध्या तासाच्या सुमारास मेंदू गाढ झोपेत उतरायला लागतो. तिथून गजराने ओढून काढलं की शरीर उठतं, पण झोपेचा अंमल पंधरा मिनिटांपासून तासभरापर्यंत टिकतो. हातातली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, चिडचिड होते, चहा पिऊनही उतारा पडत नाही.

यावरून दोनच लांबी कामाच्या ठरतात. एक, वीस-पंचवीस मिनिटं. दुसरी, दीड तास, म्हणजे झोपेचं एक पूर्ण आवर्तन. त्याच्या शेवटी झोप पुन्हा हलकी होते. दीड तासाची झोप रोजची नव्हे. रात्रपाळी, आजारपण, प्रवासाचं जागरण, तान्हं बाळ, अशा वेळी ती घ्यावी. मधली चाळीस मिनिटं ते सव्वा तास ही लांबी टाळायची. रविवारी मटण किंवा आमरस-पुरी खाऊन दोनला आडवं व्हायचं आणि साडेचारला सुजलेल्या डोळ्यांनी उठायचं, मग रात्री बारापर्यंत झोप नाही आणि सोमवार सकाळ वाया, हे गणित घराघरात चुकतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. आदल्या रात्री चार-पाच तासच झोप झाली असेल तर मेंदू गाढ झोपेत नेहमीपेक्षा लवकर शिरतो. अशा दिवशी गजर पंधरा-अठरा मिनिटांचाच लावा, किंवा सरळ दीड तास द्या.

वेळ कशी काढायची

दुपारची पेंग जेवणामुळे येते, असं आपण धरून चालतो. जेवण तिला जोर देतं हे खरं, पण ती मुळात शरीराच्या घड्याळात आहे. जेवण चुकलेल्या माणसालाही एक ते चारच्या दरम्यान मंदपणा जाणवतो. ‘रक्त सगळं पोटाकडे जातं आणि मेंदूला कमी पडतं’ हेही ऐकीव आहे. मेंदूचा रक्तपुरवठा शरीर जेवणानंतरही राखूनच असतं.

सोपा हिशेब: सकाळी उठल्यापासून सात ते आठ तासांनी. साडेपाचला उठणाऱ्या आईसाठी साडेबारा ते दीड. सातला उठणाऱ्यासाठी दोन ते तीन. सकाळच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना घरी पोचून जेवेपर्यंत दीड वाजतो, त्यांना पावणेदोन बरोबर आहे. बाहेरची सीमा तीनची, फार तर साडेतीनची.

सीमा कशासाठी? जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि तेच रात्री झोपेची भूक म्हणून जाणवतं. झोपलं की ते कमी होतं. दुपारी दीडला वीस मिनिटं झोपलात तर रात्रीपर्यंत पुरेसं पुन्हा साचतं. संध्याकाळी सहाला झोपलात तर रात्रीच्या झोपेतलाच घास काढून खाल्ल्यासारखं होतं. तिन्हीसांजेला निजू नये, लक्ष्मी येते, असं आजी सांगायची. कारण कोणतंही द्या, नियम सोन्यासारखा आहे. क्लासला जाणाऱ्या दहावीच्या मुलांनी पाच वाजता ‘थोडं पडतो’ म्हणत आडवं होणं हे त्यांच्या रात्री एकपर्यंत जागण्याचं एक मोठं कारण असतं. त्यांना शाळेतून आल्यावर लगेच, तीनच्या आत, वीस मिनिटं द्या.

ताटापासून चटईपर्यंत

सुश्रुतसंहितेत जेवणानंतरचा क्रम एका श्लोकात दिला आहे: अन्नाची सुस्ती ओसरेपर्यंत राजासारखं स्वस्थ बसावं, मग शंभर पावलं चालावं आणि मग डाव्या कुशीवर पडावं. शतपावली आणि वामकुक्षी हे आपले दोन्ही शब्द याच क्रमातले. वाम म्हणजे डावा, कुक्षी म्हणजे कूस. हा क्रम आज असा पाळता येतो.

जेवण पोट तीन चतुर्थांश भरेल इतकंच घ्या. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, कोशिंबीर आणि मूठभर भात एवढ्यावर थांबलात तर झोप हलकी लागते. भाताचा डोंगर आणि वर गोड असेल तर पेंग जास्त येते आणि उठवत नाही. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं ताठ बसा. गुडघे कुरकुरत नसतील तर वज्रासन, नाहीतर खुर्ची. मग चाला. शंभर पावलं म्हणजे जेमतेम दीड-दोन मिनिटं. आधी मागचं आवरणं, भांडी विसळणं हेही त्यात धरलं तरी चालेल. मधुमेह असेल तर शंभरावर थांबू नका. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं संथ चालल्याने साखरेची उसळी कमी होते, आणि हे चालणं विश्रांतीपेक्षा आधी यायला हवं.

हात धुतल्यापासून आडवं होईपर्यंत रोजच्या जेवणाला वीस मिनिटं, पुरणपोळी-श्रीखंडाच्या दिवशी पाऊण तास जाऊ द्या.

ज्यांना घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं, त्यांनी जेवणानंतर दोन-तीन तास आडवं होऊच नये. त्यांच्यासाठी आरामखुर्ची उत्तम. आरामखुर्ची नसेल तर भिंतीला पाठ, कमरेमागे लोड, पाय लांब. चरकसंहितेत इथे एक बारकावा आहे. दिवसाची झोप उन्हाळा सोडून इतर ऋतूंत कफ-पित्त वाढवते असं सांगताना चरक वृद्ध, बालक, आजारी, प्रवासाने थकलेले अशांना सूट देतो, आणि बसल्या बसल्या काढलेल्या डुलकीला दोषच लावत नाही. आयुर्वेद मानणाऱ्या घरात ‘दिवसा झोपू नये’ यावरून वाद होतो, तेव्हा एवढं सांगायला हरकत नाही: हा निषेध सरसकट नाही.

कूस, उशी, उजेड

डावीच कूस का, याला शरीररचनेत कारण आहे. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला उजव्या बाजूने मिळते. डाव्या कुशीवर पडलं की जठरातलं आम्ल त्या फुगीर भागात खाली साठतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर उलट होतं. आम्ल तोंडाशी येतं. उताणं झोपलं तर जीभ मागे पडते आणि घोरणं वाढतं. गरोदर बाईने सहा महिन्यांनंतर दुपारीसुद्धा उताणं न निजता कुशीवरच निजावं.

उशीची जाडी तुमच्या खांद्याच्या टोकापासून कानापर्यंतच्या अंतराएवढी हवी. कमी असली तर मान खाली लोंबते आणि उठल्यावर एका बाजूने आखडते. दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी पातळ उशी किंवा घडी केलेली चादर ठेवली की कंबरेला पीळ बसत नाही. डावा हात डोक्याखाली घेऊ नका. वीस मिनिटांत नस दाबली जाते आणि हाताला मुंग्या येतात. तो हात छातीपुढे, कोपरात थोडा वाकवून ठेवा.

पलंगापेक्षा चटई किंवा सतरंजी बरी, हे आम्ही आग्रहाने सांगतो. रात्रीच्या गादीवर, रात्रीच्या पांघरुणात शिरलं की शरीर रात्रीच्या तयारीला लागतं. चटईवर विश्रांती मिळते आणि लोळत राहावंसं वाटत नाही. पाठदुखी असेल तर सतरंजीवर एक पातळ रजई घाला. ज्यांचे गुडघे जमिनीवरून उठू देत नाहीत त्यांनी दिवाण किंवा सोफा वापरावा, पण झोपायची खोली टाळावी.

खोली मिट्ट काळोखी करू नका. पडदा ओढून उजेड मंद करा. डोळ्यांवर सुती पंचा किंवा ओढणीची घडी पुरे. पंखा मध्यम आणि अंगावर थेट न येणारा. झोपेत शरीराचं तापमान थोडं उतरतं, म्हणून पायांवर पातळ चादर हवी, एप्रिल-मे सोडून. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बारा ते तीन बाहेरचं काम थांबवणं ही जिवाची गरज आहे. शेतात असाल तर पत्र्याच्या शेडपेक्षा झाडाची सावली निवडा, कारण पत्रा वरून भाजतो. ओला पंचा मानेवर घ्या आणि पडण्याआधी पाणी प्या. तहान लागलेली असताना लागलेली झोप आणि उन्हाने आलेली ग्लानी यांत फरक ओळखणं अवघड असतं. हाक मारूनही माणूस नीट बोलत नसेल, बरळत असेल, अंग तापलेलं असेल तर ती झोप समजू नका. अंगावर पाणी मारत, वारा घालत दवाखाना गाठा.

गजर आणि फोन

गजर २५ मिनिटांचा: पाच झोप लागायला, वीस झोपेला. मग फोन हाताच्या अंतरापलीकडे, पालथा ठेवा. दुपारची विश्रांती सगळ्यात जास्त बिघडवतो तो हाच. ‘पाच मिनिटं बघतो आणि झोपतो’ म्हटलं की पंचवीसपैकी वीस मिनिटं रीळ बघण्यात जातात. डोळे थकतात, मान अवघडते आणि मेंदूला क्षणभरही रिकामपण मिळत नाही. फोन पाहणं म्हणजे विश्रांती नाही, हे एकदा मान्य केलं की बाकी सगळं सोपं आहे. जमत असेल तर फोनऐवजी स्वयंपाकघरातला चावीचा टायमर वापरा.

गजर ऐकू न येण्याची भीती असणाऱ्यांसाठी जुनी युक्ती आहे. खुर्चीत बसून हातात किल्ल्यांचा जुडगा सैल धरायचा, खाली स्टीलचं ताट ठेवायचं. डोळा लागला की बोटं सुटतात, जुडगा पडतो, जाग येते. यात झोप मिनिट-दोन मिनिटांचीच होते, तरी डोळ्यांवरची झापड जाते.

झोप लागलीच नाही तर

बरेच जण इथे नाद सोडतात. झोप लागली नाही तरी वीस मिनिटं डोळे मिटून, न बोलता, न वाचता पडून राहण्याने ठोके उतरतात, खांदे सैल होतात, डोळ्यांचा कोरडेपणा कमी होतो. झोप लागणं हे यशाचं माप मानलं की तीच ताण देते. पडून हे करा: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे पंधरा श्वास. मग पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक भाग जाणीवपूर्वक सैल सोडत वर या: घोटे, पोटऱ्या, मांड्या, पोट, बोटं, खांदे, जबडा, जिभेचं मूळ, भुवयांमधली जागा. जबडा आणि जीभ विसरू नका, ताण तिथेच लपून बसतो. शवासन शिकलेल्यांना हे नवं नाही.

दिवसभर उभं राहणाऱ्यांना, म्हणजे दुकानातल्या मुली, शिक्षक, वाहतूक पोलीस, केटरिंगवाले यांना, पाय भिंतीला लावून पडण्याचा फायदा झोपेपेक्षा लवकर कळतो. भिंतीपासून वीतभर अंतरावर बूड टेकवा, पाय भिंतीवर सरळ, गुडघे किंचित सैल, हात बाजूला. सात ते दहा मिनिटं पुरे. काचबिंदू किंवा हृदयाचं दुखणं असेल तर पाय भिंतीवर न नेता फक्त लोडावर ठेवा; गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हे टाळून कुशीवरच पडा.

उठण्याची रीत

गजर वाजला की ‘अजून पाच मिनिटं’ नाही. तीच पाच मिनिटं गाढ झोपेची पायरी ओलांडतात. उजव्या कुशीवर वळा, हाताने रेटा देऊन बसा, आणि पाय जमिनीवर टेकवून अर्धा मिनिट तसेच थांबा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांनी हे अर्धं मिनिट कधीच चुकवू नये. एकदम उभं राहिल्यावर दाब उतरून पडणं आणि मांडीचं हाड मोडणं असं घडतं. नंतर तोंडावर गार पाणी, ग्लासभर पाणी पोटात, आणि दोन-तीन मिनिटं गॅलरीत उजेडात. उजेडाने अंमल लवकर उतरतो.

चहा त्यानंतर. कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात. साडेतीन-चारचा एक कप ठीक. सहाचा दुसरा कडक कप रात्री अकरालाही जागाच असतो. काहींना उलटा क्रम लागू पडतो: आधी चहा-कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॅफिनचा असर वीस-तीस मिनिटांनी सुरू होतो, तेव्हा नेमकी उठायची वेळ झालेली असते. ड्रायव्हरला हे विशेष उपयोगी आहे.

ऑफिसात आणि रस्त्यावर

डबा खायला अर्धा तास असेल तर पंधरा मिनिटं जेवण, पाच मिनिटं जिना किंवा आवारात फेरी, दहा मिनिटं डोळे मिटून. टेबलावर हातांची घडी घालून डोकं ठेवू नका. मान पिळली जाते, पोट दाबून आंबट येतं आणि कोपराशी नस दाबून करंगळी बधिर होते. खुर्चीची पाठ थोडी मागे कलती करा, रुमाल किंवा टॉवेल गुंडाळून मानेमागच्या खळगीत ठेवा, पाय डब्याच्या पिशवीवर किंवा खोक्यावर थोडे उंच. जवळच्या माणसाला ‘दोन वाजता हाक मार’ म्हणून सांगितलं की गजराची गरज नाही आणि चोरून झोपल्याची भावनाही राहत नाही.

गाडी चालवणाऱ्यांनी दोन वेळा जपाव्यात: पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार. मागच्या तीन-चार किलोमीटरचं काही आठवत नसेल, गाडी पट्ट्यावर जात असेल, जांभयांवर जांभया येत असतील तर झोप दारात नाही, आत आली आहे. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडात शेंगदाणे टाकणं याने पाच-दहा मिनिटं निघतात, पुढे नाही. एक्स्प्रेस वेच्या कडेच्या पट्टीवर थांबू नका, मागून येणारा ट्रक तुम्हाला धडकू शकतो. फूड मॉल किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात, उजेडात थांबा. दारं बंद करा, दोन काचा बोटभर खाली ठेवा, इंजिन बंद करा. बंद जागेत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणं जीवघेणं आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आधी कॉफी, मग वीस मिनिटांचा गजर. उठल्यावर गाडीभोवती दोन चकरा मारून मगच चावी फिरवा.

रात्रपाळीच्या परिचारिका, सुरक्षारक्षक, एमआयडीसीतले कामगार यांच्यासाठी वेगळं माप. पाळीला निघण्याआधी संध्याकाळी दीड तास झोपा. तिन्हीसांजेचा नियम इथे लागू नाही, कारण पुढे रात्र जागायची आहे. मधल्या सुटीत वीस मिनिटं. उठल्यावर पंधरा मिनिटं इंजेक्शन, औषधाचा हिशेब, यंत्राचं दाबबटण यांना हात लावू नका. सकाळी घरी येताना गॉगल घाला, म्हणजे उन्हाने शरीर जागं होत नाही.

घरात वेळ राखणं

दुपारची विश्रांती सर्वांत जास्त मोडते ती घरी असणाऱ्या बाईची. कुरिअर, गॅसवाला, नळाला येणारं पाणी, शाळेची व्हॅन, शेजारच्या काकू. तिच्या पंचवीस मिनिटांना घरातल्या सगळ्यांनी नाव आणि वेळ द्यायला हवी: दीड ते दोन आईची वामकुक्षी. त्या वेळात फोन दुसऱ्याने घ्यायचा, दार दुसऱ्याने उघडायचं. ती एकटीच घरी असेल तर बेलचा स्विच बंद करा, आणि दारावर ‘दुपारी १।। ते २ बेल वाजवू नये’ अशी पाटी लावा. पुण्याच्या पाट्यांना लोक हसतात, पण दुपारी दुकान मिटणाऱ्या पुण्याने आणि गोव्याने ही वेळ जपली, त्यात शहाणपण आहे.

तान्ह्याला किंवा दोन-तीन वर्षांच्या मुलाला निजवताना आई मुलाबरोबर दीड-दोन तास झोपते आणि संध्याकाळभर डोकं धरून बसते. मुलाला ती झोप हवीच. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास लागतात. आईने मात्र मूल झोपल्यावर पंचवीस मिनिटांचा गजर लावावा. अपवाद एकच, रात्री बाळाने तीन-चारदा उठवलं असेल तर दोघांनीही पूर्ण दीड तास झोपावं, भांडी राहू द्यावीत.

कोणी थांबावं

रात्री अंथरुणात पडल्यावर अर्धा तास झोप येत नसेल, किंवा पहाटे तीनला जाग येऊन डोळा लागत नसेल, तर दोन आठवडे दुपारची झोप बंद करून पाहा. डोळे मिटून बसणं चालेल. रात्री सात-आठ तास झोपूनही रोज दुपारी तासभर झोपल्याशिवाय चालत नसेल तर ते झोपेचं नव्हे, दुसऱ्या कशाचं लक्षण असू शकतं: बायकांमध्ये रक्त कमी असणं (गरोदर नसताना हिमोग्लोबिन १२ च्या खाली), थायरॉईड, वाढलेली साखर, मन खचणं, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. मोठ्याने घोरणं, घोरताना मध्येच श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसा पेंग असं तिन्ही एकत्र असेल तर झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो. याची तपासणी रात्रभर झोपेची नोंद घेऊन होते. बोलता बोलता किंवा गाडी चालवताना अचानक डोळा लागत असेल तर आधी गाडी सोडा, मग डॉक्टर.

पहिले आठ दिवस

पहिले तीन दिवस झोपेची अपेक्षा न ठेवता ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चटईवर पंधरा मिनिटं फक्त पडून राहा. चौथ्या दिवसापासून गजर पंचवीसचा करा. रोज तीन आकडे कागदावर लिहा: किती वाजता पडलात, किती वाजता उठलात, रात्री अंथरुणात पडल्यावर झोप यायला किती मिनिटं लागली. तिसरा आकडा वाढत चालला तर दुपारची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घ्या; तरीही वाढला तर गजर पंधराचा करा. उठल्यावर डोकं जड राहत असेल तर पाच मिनिटं कमी करा, वाढवू नका. सवय बसली की बहुतेकांना गजराच्या मिनिटभर आधीच जाग येऊ लागते. तसं झालं तरी गजर लावणं सोडू नका. ज्या दिवशी तो नसतो, त्याच दिवशी साडेतीन वाजतात.